डॅरनने मॅगझिन का काढलं

२००३ची इराकची गडबड सुरू व्हायच्या आधी माझं पोस्टिंग वेल्सच्या सीमेजवळच्या एका कॅम्पमध्ये झालं. रँक कॉर्पोरल, ट्रेड आर्मरर. आर्मरर म्हणजे बटालियनची हत्यारं तपासणारा आणि दुरुस्त करणारा माणूस. माझे वडील मिरजेहून कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर म्हणून आले, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. डॉक्टरचा मुलगा डॉक्टर होतो असा आपल्या लोकांचा पक्का समज. मी ब्रिटिश आर्मीत बंदुका घासायला गेलो. आई महिनाभर बोलली नाही, आणि मग बोलायला लागली ती थांबलीच नाही.

आडनाव जगदाळे. ते इंग्रज जिभेला झेपेना, म्हणून कॅम्पात मी जॅग्ज.

मध्यंतरी लंडनमधल्या हॅरोच्या एका मराठी कार्यक्रमात मला आर्मीतल्या गोष्टी सांगायला बोलावलं होतं. पहिला प्रश्न आला, "घरी पिस्तूल ठेवता का हो?" अहो, या देशात साध्या माणसाला पिस्तूल ठेवता येत नाही. नव्वदच्या दशकातच बंदी आली. मी आयुष्यभर पिस्तुलं सांभाळली, पण माझ्या मालकीचं एकही नाही. दुसरा प्रश्न एका गृहस्थांनी विचारला. "तुमच्या मित्राचं पिस्तूल ऐन वेळी बंद पडलं ना? घाबरून त्याने भलतंच बटण दाबलं म्हणे." तळपायाची आग मस्तकात गेली. समोर बायका-मुलं होती, चिवड्याच्या डिशा फिरत होत्या, म्हणून गप्प बसलो.

आता बसत नाही. पिस्तूल बंद पडलं नाही. माझा मित्र डॅरन घाबरला नाही. मेलेल्या माणसाचं नाव उगाच खराब होतंय, ते मला सहन होत नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी पिस्तूल कसं होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही त्याला 'नाइन मिली' म्हणायचो. आजोबांच्या पिढीतली घडण. सगळं पोलाद, वजन किलोभर, हॅमर, म्हणजे आपटून गोळी उडवणारी हातोडी, मागे उघडी दिसणारी. नवी प्लॅस्टिकची पिस्तुलं तेव्हा यायला लागली होती. पोरं आमच्या नाइन मिलीला हसायची. मला मात्र ते आवडायचं. नीट तेल द्या, नळी पुसा, स्प्रिंग थकली की बदला, ते तुम्हाला दगा देणार नाही. चांगल्या शिवणयंत्रासारखं. प्रत्येकाला नंबर होता, सही करून घ्यायचं, सही करून परत द्यायचं. परत येताना घाण दिसली की मी घेत नसे. लेफ्टनंटलासुद्धा मी एकदा काउंटरवरून परत पाठवलंय.

या पिस्तुलाला एक खोड होती. मॅगझिन म्हणजे गोळ्यांची डबी, ती मुठीत खालून सरकवतात. ती डबी जागेवर नसेल तर हे पिस्तूल उडतच नाही. नळीत गोळी असली तरी नाही. ट्रिगर नुसता मागे जातो, हॅमर हलत नाही. याला मॅगझिन सेफ्टी म्हणतात. सफाई करताना कोणाच्या हातून चुकून गोळी सुटू नये म्हणून केलेली सोय. पण या सोयीपायी ट्रिगर जड व्हायचा, आणि डबी सोडायचं बटण दाबलं तरी मॅगझिन पटकन खाली पडायचं नाही. अडकायचं. बोटांनी धरून ओढावं लागायचं. पोरं शिव्या द्यायची, आणि त्या सगळ्या मला खाव्या लागायच्या.

सगळ्यात जास्त शिव्या लान्स कॉर्पोरल डॅरन कूपरच्या. हा माझ्या हाताखाली स्टोअरमन. मूळचा कॉव्हेंट्रीचाच, आमच्या घरापासून दोन बसस्टॉपवर वाढलेला. सुट्टीत आमच्याकडे येऊन साबुदाण्याची खिचडी ताटभर चापायचा आणि आईला "मिसेस जे, यू आर अ लेजंड" म्हणायचा. दसऱ्याला आईचा फोन यायचा, "हत्यारांना फूल वाहिलंस का रे?" मी टाळायचो. डॅरनने एकदा तो फोन ऐकला. दुसऱ्या दिवशी बघतो तर रॅकवर पेट्रोल पंपावरून आणलेला फुलांचा गुच्छ, किमतीच्या स्टिकरसकट. स्टाफ सार्जंटने विचारलं, हे काय? डॅरन म्हणाला, "जॅग्जच्या आईची ऑर्डर आहे, स्टाफ."  गुच्छ आठवडाभर तिथेच होता.

डॅरनला हौस भारी. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या चकचकीत सामानाला आर्मीत 'गुची किट' म्हणतात. हा गुची किटचा राजा. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खोटं नाही. पिस्तुलासाठी चामड्याचं होल्स्टर आणलं. मुठीला रबरी ग्रिप बसवल्या, त्या मी काढायला लावल्या. मग मॅगझिनच्या तळाला जाड रबराचा पॅड चिकटवला.

"हे काय आता?"

"ओढायला बरं पडतं. तुझं मॅगझिन पडतच नाही ना!"

"काढ ते. इश्यूचं, सरकारी सामान आहे."

"मग ती मॅगझिन सेफ्टीच काढून दे. लोक काढतात. ट्रिगर लोण्यासारखा होतो."

"नाही."

"कोणाला कळणार, जॅग्ज?"

"मला कळेल. नाही म्हणजे नाही."

चिडला. दोन दिवस मला "युअर हायनेस" म्हणत होता. रबराचा पॅड काही त्याने काढला नाही, आणि मीही मग फार ताणून धरलं नाही. त्याने कोणाचं नुकसान होत नव्हतं.

वर्षातून एकदा सगळी पिस्तुलं मोठ्या वर्कशॉपला तपासणीला जायची. त्या खेपेला मी आणि डॅरन, पांढरी व्हॅन, अंगावर साधे कपडे. मागे पेट्यांत पिस्तुलं, गोळ्यांशिवाय. तेव्हा अलर्ट वाढलेला होता, म्हणून एस्कॉर्टला, म्हणजे राखणीला सोबत जाणाऱ्याला, भरलेलं पिस्तूल द्यायचा हुकूम होता. एस्कॉर्ट डॅरन. मी गाडी चालवणार. नाश्ता करून निघालो. झिमझिम पाऊस. डॅरन फुटबॉलवर बोलत होता. मी ऐकत नव्हतो.

मेन रोडचं काम चालू होतं, म्हणून आत वळलो. दोन्ही बाजूंना उंच कुंपणं आणि चर, एकच गाडी जाईल एवढा रस्ता. वळणावर एक टिपर आडवा उभा. मी ब्रेक मारला, रिव्हर्स टाकला. मागचं चाक चरात गेलं.

डॅरनने कॅम्पला कळवायला रेडिओ उचलला. "झीरो, धिस इज टू-वन. रोड ब्लॉक्ड. वेट—"

कुंपणातून दोन माणसं निघाली, तोंडावर काळ्या टोप्या ओढलेल्या. ठेंगण्याच्या हातात नळी कापलेली शॉटगन, आडदांडाच्या हातात लोखंडी पहार. बंदीमुळे गुन्हेगारांच्या बाजारात पिस्तुलाला सोन्याचा भाव आला होता. आमची व्हॅन कधी निघते ही बातमी कोणी विकली, ते पुढे कोर्टात निघालं. तो वेगळा विषय.

ठेंगण्याने काही न बोलता डॅरनच्या खिडकीतून गोळी झाडली. काच माझ्या तोंडावर आली. छर्रे डॅरनच्या कुशीत आणि मांडीत घुसले. त्याने लगेच पिस्तूल काढलं आणि त्याच खिडकीतून दोनदा झाडलं. ठेंगणा गुडघ्यावर बसला, मग चरात पालथा पडला. तो पुन्हा उठला नाही.

तोवर आडदांडाने माझं दार उघडलं होतं. पहिला घाव खांद्यावर. गळपट्टीचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. उजवा हात लुळा पडला. त्याने मला कॉलरला धरून बाहेर ओढलं आणि ढालीसारखं पुढे धरलं. डॅरन व्हॅनच्या बॉनेटला टेकत पुढून वळून आला. पँट रक्ताने काळी झालेली. पिस्तूल रोखलेलं, पण मध्ये मी.

"लेट हिम गो."

आडदांडाने मला डॅरनच्या अंगावर फेकलं आणि मागोमाग स्वतः झेपावला. तिघेही खाली. पहार गडगडत चाकाशी गेली. पिस्तुलावर चार हात, सगळे रक्ताने निसरडे. तो माणूस डॅरनच्या दुप्पट होता. नळी हळूहळू वळली. मी हातभर अंतरावर चिखलात पडलेलो, उठता येत नव्हतं. नळीचं भोक माझ्या चेहऱ्यासमोर आलं. त्या माणसाचं बोट ट्रिगरवर शिरताना मी पाहिलं.

आणि डॅरनचा डावा हात पिस्तुलावरून सुटला.

मला वाटलं, सोडलं याने. संपलं. खोटं कशाला सांगू, मला त्याचा राग आला. आई आठवली नाही, देव आठवला नाही. नुसता राग आला.

त्या माणसाने ट्रिगर दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. काही नाही. मी हॅमरकडे बघत होतो, सवयच ती. गोळी खराब असती तर हॅमर पडला असता, 'टक्' आवाज आला असता. हॅमर जागचा हललाच नव्हता. याचा अर्थ एकच होतो, आणि तो मला तेव्हाच कळला. मॅगझिन आत नव्हतं.

ते डॅरनच्या डाव्या मुठीत होतं. रबराचा पॅड बोटांच्या फटीतून दिसत होता.

त्या माणसाला ही खोड माहीत नव्हती. त्याने पिस्तुलाकडे पाहिलं, शिवी घातली, आणि ते हिसकावून, उलटं धरून डॅरनच्या डोक्यात घातलं. किलोभर पोलाद. पुन्हा घातलं. पुन्हा. डॅरनने अडवायला हातही वर केला नाही. तो हात मॅगझिन पोटाशी दाबून धरून होता, ते परत त्या माणसाला मिळू नये म्हणून.

चाचपडताना माझ्या डाव्या हाताला चाकाजवळची पहार लागली. आधी त्याचा गुडघा फोडला. मग मनगट. तो पडल्यावरही मारलं. कोर्टात वकिलाने विचारलं, किती वेळा? मी म्हणालो, मोजलं नाही. तो जगला. जन्मठेप भोगतोय. त्याचा पाय पुन्हा सरळ झाला नाही आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

रेडिओपर्यंत सरपटत गेलो. "झीरो, टू-वन. कॉन्टॅक्ट, आमच्यावर हल्ला. वन कॅज्युअल्टी, सीरियस. दोन हल्लेखोर खाली. ॲम्ब्युलन्स पाठवा, आत्ता."

"टू-वन, झीरो. रॉजर. लोकेशन?"

लोकेशन दिलं. परत येऊन डॅरनचं डोकं मांडीवर घेतलं. एक डोळा उघडा होता.

"जॅग्ज. मेक सेफ."

म्हणजे हत्यार रिकामं कर. नळीत अजून गोळी होती. मरताना ड्रिल सांगत होता गाढव. मी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, बुटाच्या टाचेवर अडकवून एका हाताने मागे खेचली. गोळी चिखलात पडली.

"सेफ," मी म्हणालो.

"गुड."

हेलिकॉप्टर आलं तेव्हा श्वास चालू होता. हॉस्पिटलात पोचेपर्यंत नव्हता. सर्जनने मला नंतर सांगितलं की छर्‍यांनी तो गेला नसता. डोक्यावरच्या घावांनी गेला. म्हणजे माझ्यावरची गोळी त्याने काढून घेतली आणि घाव स्वतःवर घेतले. हिशेब इतका सरळ आहे.

आता ते 'घाबरून दाबलेलं बटण'. चौकशी झाली, पिस्तूल निर्दोष ठरलं. मॅगझिनबद्दल रिपोर्टात लिहिलं, 'झटापटीत सुटलं असावं.' लिहिणाऱ्यांचा दोष नाही, ते तिथे नव्हते. पण मेसमध्ये बिअरबरोबर त्याचं 'डॅरन पॅनिक झाला' असं झालं, आणि तेच फिरत फिरत हॅरोपर्यंत पोचलं. अरे, ते मॅगझिन सुटत नसे! धरून ओढावं लागायचं. रक्ताने माखलेल्या हाताने, तो बैल उरावर असताना, त्याने ते शोधलं, धरलं आणि ओढलं. घाबरलेल्या माणसाला हे जमतं का? शांत बसलेल्या माणसाला तरी जमेल का, करून बघा.

गळ्यात हात बांधून मी त्याच्या आईकडे गेलो. माझी आई सोबत आली होती. मिसेस कूपर शाळेच्या किचनमध्ये काम करायच्या. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा दिला आणि उभ्यानेच विचारलं, "खरं सांग. माझ्या मुलाकडून चूक झाली का?"

मी सगळं सांगितलं, घावांसकट. आईने दोनदा माझ्याकडे डोळे वटारले, पण मी थांबलो नाही.

"मॅगझिन काढलं की आपल्याकडे काहीच उरत नाही, हे त्याला माहीत होतं?"

"हो. त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं."

त्या खाली बसल्या. माझी आई उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.  मी रडलो. वडील गेले तेव्हासुद्धा एवढा रडलो नाही.

नोव्हेंबरात युद्धस्मरणाच्या दिवशी कूपरांच्या चर्चबाहेर हुतात्म्यांची नावं वाचतात. स्मारकाच्या दगडावर दोन्ही महायुद्धांतली पोरं आहेत. डॅरनचं नाव नाही. तो युद्धात गेला नाही, दरोड्यात गेला, असं कमिटी म्हणते. मी दरवर्षी मेडल लावून जातो. मिसेस कूपर आता काठी घेऊन येतात. पहिल्या वर्षी यादी संपली, पाद्री कागद मिटायला लागला आणि त्यांनी माझ्या बाहीला हिसका दिला. "तू होतास ना तिथे? मग बोल."

मी बोललो. तेव्हापासून दरवर्षी यादी संपली की पाद्री कागद मिटत नाही, माझ्याकडे बघून थांबतो. मी टाचा जुळवतो आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणतो, "लान्स कॉर्पोरल डॅरन कूपर."