ड्रॉवरमधला बॅज

सौद्यात मला हरवणारा माणूस लखनौत मिळणं अवघड. अकोल्यात एक्स-रे फिल्म धुण्यापासून सुरुवात करून मी स्वतःच्या बळावर न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट झालो. तरी इथल्या तेलीबागच्या स्कॅन सेंटरमध्ये मालक डॉक्टरांनी मला बुडवलं.

मला रेडिएशन सेफ्टी ऑफिसर व्हायचं होतं. किरणोत्सर्गी औषध कसं हाताळायचं ते ठरवणारा, वेळ पडली तर डॉक्टरांनाही काम थांबवा म्हणणारा माणूस. त्यासाठी शिबिर, लेखी परीक्षा, मग तोंडी. अर्जावर मालकाची सही लागते, आणि ते सही देईनात. दिल्लीहून सकाळच्या विमानाने येणारं औषध, त्याचा जोर दोन तासांत निम्म्यावर येतो. मी शिबिराला गेलो तर ते भरणार कोण, टोचणार कोण?

आम्ही छातीवर एक बॅज लावतो. अंगावर किती किरण पडले ते त्यावर नोंदलं जातं. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. पेशंट वाढले तसा माझा आकडा चढला आणि खुलासा मागणारं सरकारी पत्र आलं. डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"यार, इंजेक्शन देते वक्त बैज ड्रॉवर में रख दिया करो. सब रखते हैं."

"रख दूँगा. फॉर्म पर अभी साइन कीजिए, मेरे सामने."

"सब्जी भी ऐसे ही खरीदते हो?"

"सब्जी तो चखकर लेता हूँ, सर."

त्यांनी सही केली. शिबिरात जागा मिळायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं बॅज ड्रॉवरमध्ये.

लेखी उत्तम गेली. तोंडी परीक्षा घेणाऱ्या बाई नागपूरच्या निघाल्या. मी अकोल्याचा म्हटल्यावर त्या मराठीत बोलू लागल्या. मला वाटलं, झालं काम.

"दिवसाला किती इंजेक्शनं देता?"

"पंधरा-सोळा. एकटाच."

त्यांनी माझ्या बॅजच्या नोंदी पुढे सरकवल्या. "आणि इथे जवळजवळ काहीच नाही. एक तर तुम्ही काम केलं नाही, नाहीतर बॅज घातला नाही. काय लिहू?"

"मॅडम, मालकांनीच सांगितलं होतं."

"मग ऑफिसर होऊन तुम्ही त्यांना थांबवणार कसे होतात?"

मी नापास झालो. सेंटरवर येऊन डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटला. ते शांतपणे म्हणाले, "भाई, साइन तो मैंने कर दी थी."

ऑफिसर म्हणून चिनहटच्या एका सेंटरमधली मुलगी आली. या कामात माझ्यापेक्षा आठ वर्षांनी नवी. पहिल्याच आठवड्यात तिने सगळ्यांच्या फायली काढल्या.

"सर, आपके ये दो साल इतने कम कैसे हैं? असली डोज़ कितना रहा होगा?"

मी तिच्यावर ओरडलो, तू तुझं काम कर म्हणालो. तिने तोच कमी आकडा नव्या रजिस्टरमध्ये उतरवून घेतला. त्या दोन वर्षांत माझ्या अंगावर किती किरण पडले ते आता कुठलीच तपासणी नेमकं सांगू शकत नाही. बायको विचारते तेव्हा मीही रजिस्टरमधलाच आकडा सांगतो.