वाटी सरकली, फुगडी राहिली

मुलुंड पूर्व आणि पश्चिमेच्या तमाम मंगळागौर ग्रुपना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी स्वतःची जागा सोडून गेली आहे. डॉक्टरांनी एमआरआय बघून साधंच सांगितलं होतं, गांभीर्य माझं.

वाटी म्हणजे पॅटेला. तिला आतल्या बाजूने धरून ठेवणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट, तुटला होता. वाटी सरकण्याची ही तिसरी वेळ, त्यामुळे ऑपरेशनच.

कुठला खेळ खेळता, असं डॉक्टरांनी विचारलं. बसफुगडी, मी ताठ मानेने सांगितलं. उकिडवं बसून पाय आळीपाळीने पुढे कसे टाकायचे, ते खुर्चीतूनच हातांनी करून दाखवलं. ते हसले नाहीत.

"चालाल, जिने चढाल. उकिडवं बसणं मात्र विसरा. उभी फुगडी... बघू."

त्या 'बघू'वर मी पुढचे महिने काढले.

कमरेखाली बधिर करून, मांडीमागची एक दोरी, म्हणजे स्नायूचा कंडरा, काढून तिचाच नवा पट्टा बसवला. पडद्यापलीकडे ड्रिल सुरू झाल्यावर, टाइल्स कुठल्या लावताय, असं मी भूलतज्ज्ञ बाईंना विचारलं.

घरी आले ती पाय वाकू न देणारा ब्रेस घालून. दिवसभर पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळायचा नि सोडायचा, हाच व्यायाम. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगते, याहून कंटाळवाणं काही नाही आणि याला पर्यायही नाही.

तेवढ्यात श्रावण आला. आमच्या ग्रुपचा सराव सोसायटीच्याच हॉलमध्ये. वर पडल्या पडल्या ठेक्यावरून कळायचं, आता झिम्मा, आता फुगडी. शेजारच्या विंगमधली सुनंदा माझी कित्येक वर्षांची फुगडीची जोडीदार. ती आता कोणाबरोबर फिरते, हे विचारायचं नाही असं ठरवलं आणि नवऱ्याला बघायला पाठवलं. कोणाबरोबरच नाही, तो येऊन म्हणाला, नुसती टाळ्या वाजवत उभी असते. मी भिंतीकडे तोंड केलं.

संक्रांतीच्या सुमारास डॉक्टरांनी परवानगी दिली. उभी, हळू, एकच. आमच्या घरच्या हळदीकुंकवाला सुनंदाने पदर खोचला आणि हातांची फुली करून समोर उभी राहिली. आम्ही फिरलो कसल्या, डोललो. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, बायका तिळगुळाकडे वळल्या. मी मात्र हात धरूनच.

"अगं बये, सोड आता," सुनंदा म्हणाली, "बांगड्या रुतायला लागल्या माझ्या!"