आमच्या दुकानात डोळे आले तेव्हा

उस्तादांचं माझ्या हातून एकदाच वाईट झालं, आणि तेही ऐन त्यांच्या लेकीच्या लग्नात.

बुलढाण्याच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्यप्रांतासंगं चालायचा, कचेरीत नागपूरकडचे बाबू बरेच, आणि त्यांचे कोट आम्ही शिवायचो. आम्ही म्हणजे उस्ताद, मी आणि आणखी एक कारागीर. उस्ताद भारी टापटिपीचे. खिळ्याला एक दुपट्टा टांगलेला असायचा. कापडाला हात लावायच्या आधी तोंडाहाताचा घाम त्याला पुसायचा, हा कायदा. विसरलं की पाठीत फूटपट्टी, "काऊन बे, साहेबाच्या कोटाले तुह्या घामाचा वास द्याचा हाय का?" मारही कसला, लाडच तो.

लग्नाला आठ दिवस असताना माझे डोळे आले. पापण्या चिकटलेल्या, डोळे लालबुंद. घरी बसायला हवं होतं, पण मी शहाणा ना! लग्नसराईचं काम टाकून कसं राहायचं? गेलो. मला पाहताच उस्तादांनी तोंड फिरवलं.

"माह्याकडं पाहू नको बे! नजरेनं येते हे."

डोळे आलेल्याच्या डोळ्यांत पाहिलं की आपलेही येतात, हे आम्हा सगळ्यांनाच पक्कं ठाऊक. मग बंदोबस्त झाला. माझं मशीन भिंतीकडे वळवलं. तिघं तीन दिशांना तोंडं करून शिवत बसलो. गिऱ्हाइकांना वाटायचं, भांडण झालंय. दुपट्टा मात्र जागच्या जागी. तिघंही त्यालाच तोंड पुसत होतो, अगदी इमानदारीनं.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कारागिराचे डोळे आले. लग्नाच्या आदल्या सकाळी उस्तादांचे.

आई मेल्यावर एकट्यानं वाढवलेली त्यांची एकुलती पोर ती. रोहिणखेडला दिली होती. उस्ताद घरी मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. "नवरीचे डोळे आले त सासरचे काय म्हणतीन? मी नाई पाहत तिले. जाऊ द्या तशीच." त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

लग्नाच्या दिवशी मी सरकारी दवाखान्यात औषध आणायला गेलो. सगळं ऐकून कंपाउंडर माझ्यावरच उखडला.

"अरे, पाहण्यानं कधी डोळे येतात काय? एकाच फडक्याला तोंडं पुसता आणि वर नजरेला नावं ठेवता! ते फडकं उकळा, हात धुवा, दुसऱ्याला हात लावू नका. पाहा हवं तेवढं!"

पळत सुटलो. निकाह होऊन गेला होता. दारात छकडा जुंपलेला, बायका रडत होत्या. मी मागच्या खोलीत शिरून ओरडलो, "उस्ताद, पाहा तिला! पाहण्यानं काही होत नाही! कंपाउंडर म्हणतो, फक्त हात लावू नका!"

"खरं सांगतं का बे?"

"तुमची आन, उस्ताद!"

ते बाहेर आले, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून. लेक "अब्बा" म्हणत गळ्यात पडायला धावली, तसे दोन पावलं मागं सरकले.

"नाई बेटी, हात नाई लावाचा. तिथंच उभी राह्य. मले पाहू दे."

ती थांबली. तिनं तोंडावरची ओढणी दोन्ही हातांनी वर धरली. सासरचे निघायची घाई करत होते. पण बापाचं पाहून होईपर्यंत तिनं ती खाली सोडली नाही.