नीलिमाची हाक

आमच्या धनज गावच्या सहा पोरी कारंज्याच्या शाळेत जायच्या, त्या नीलिमाच्या भरवशावर. ती सरकारच्या युवा योजनेतली स्वयंसेविका. रोज सकाळी सरकारी जॅकेट घालून दारोदार हाक मारायची, तुरीच्या वावरांतून पोरींना एसटीपर्यंत न्यायची, संध्याकाळी घरी सोडायची. तीन वर्षांत एक खाडा नाही.

मग मोबाईलवर दोन ओळी आल्या: योजना बंद, जॅकेट जमा करा. तिनं ते धुऊन, इस्त्री करून दिलं. एवढा मान कशापायी दिला, मला अजून कळत नाही!

दुसऱ्या सकाळी ती साध्या ड्रेसवर संस्कृतीच्या वडलांच्या, जगदेवभाऊंच्या दारात गेली.

"भाऊ, संस्कृतीले धाडा."

"जॅकेट होतं तवा सरकार जिम्मेदार होतं. आता काही झालं तं कोणाले विचारू?"

"मी तं तीच आहो न, भाऊ."

भाऊंनी दार लोटून घेतलं. बाकीच्या पाच दारांतही तेच झालं, आणि सहाही पोरी घरी बसल्या.

महिन्याभरानं संस्कृती दप्तर घेऊन नीलिमाकडे आली. "ताई, हे तुह्यापाशी ठेव. योजना चालू झाली का मले हाक मारजो."

नीलिमानं दप्तर उघडलं. आत उद्याच्या तासांच्या वह्या वेळापत्रकाप्रमाणे लावून ठेवलेल्या होत्या.