धैर्यवानांचा वाढता चंद्र

गिरगावात सूचना करणाऱ्या माणसाला मान नाही, ही गोष्ट कमलाकांत धैर्यवान यांना आयुष्याच्या पूर्वार्धातच कळली होती. उत्तरार्ध त्यांनी ती गिरगावाला ऐकवण्यात घालवला. ठाकूरद्वाराच्या अलीकडच्या एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर ते राहत. घराणे पाठारे प्रभूंचे, जुने. आजोबांच्या काळी निम्मी वाडी धैर्यवानांची होती असे सांगत. आता त्यांच्याकडे त्यातल्या दोन खोल्या उरल्या होत्या आणि बाकीच्या वाडीविषयीची मते उरली होती.

बोटींच्या एका कचेरीत ते हेडक्लार्क होते. तिथे साहेब बोलत आणि हे ऐकत. घरी थोरले बंधू बोलत आणि हे ऐकत. त्यांचे म्हणणे इतरांनी ऐकावे अशी जगात एकच जागा राहिली, ती म्हणजे वाडीच्या मंडळाची सभा. जिन्यातला दिवा, नळाची गळती, गणपतीच्या मखराचा तोल, सत्यनारायणाच्या शिऱ्यातले केळ्याचे प्रमाण, यांपैकी कशाविषयीही ते उभे राहत आणि बोलत. त्यांची सूचना बहुधा बरोबर असे आणि कधीही मंजूर होत नसे. बरोबर असणे आणि मंजूर होणे यांचा आपल्या समाजात संबंध काय, हा प्रश्न येथे विचारण्यात अर्थ नाही.

ध्वज हा त्यांचा खास अभ्यासविषय. त्यांनी उभ्या जन्मात सिगारेट ओढली नाही. पण एके काळी विलायती पाकिटांतून देशोदेशींच्या ध्वजांची आणि तिकडच्या सरदारांच्या ढालींची रंगीत चित्रे निघत. ती त्यांनी कचेरीतल्या ओढणाऱ्यांकडून चिकाटीने मागून घेतली, जाड पुठ्ठ्यावर खळीने चिकटवली आणि काचेच्या चौकटीत भिंतीवर टांगली. आल्यागेल्याला ते छडीने चित्रे दाखवीत. तुर्कस्तानचा चंद्र, इजिप्तचा चंद्र. नेपाळचा चंद्र आडवा पडलेला आहे, हे त्यांच्या मते नेपाळचे दुर्लक्ष होते. विलायतेत दुसऱ्या मुलाच्या ढालीवर चंद्रकोर घालण्याची रीत आहे, हे सांगताना त्यांचा आवाज किंचित हलका होई. ते स्वतः घरातले दुसरे चिरंजीव होते, आणि त्यांना कोणी काहीच घातले नव्हते.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे ते दिवस. गिरगावातून दादरच्या शिवाजी पार्कपर्यंत मोठा मोर्चा निघणार आणि वाडीने आपली तुकडी धाडायची असे ठरले. भगव्याविषयी दुमत नव्हते. कमलाकांतराव उभे राहिले तेव्हा चिटणीस शामरावांनी सवयीने चष्मा काढून पुसायला घेतला. कमलाकांतरावांचे म्हणणे असे, की भगवा तर हरएक वाडी नेणार. त्या गर्दीत आपली वाडी ओळखायची कशी? ध्वजाला चिन्ह पाहिजे. आणि महाराजांच्या मुद्रेतच प्रतिपदेच्या वाढत्या चंद्राची उपमा असताना दुसरे चिन्ह शोधायचे कशाला? मुंबईसह महाराष्ट्र अजून पुरा व्हायचा आहे, तेव्हा चंद्रही पुरा व्हायचा राहिलेलाच हवा.

सभेला सूचना आवडली. हा अनुभव सभेला नवीन होता.

तेवढ्यात कमलाकांतरावांच्या पत्नी लीलाबाईंचा धाकटा भाऊ, म्हणजे त्यांचा मेहुणा मनमोहन, मागच्या बाकावरून म्हणाला, "भावोजी, प्रतिपदेचा चंद्र डोळ्यांना दिसत नाही. मग कापड कोरंच ठेवू. शिवायचा त्रास वाचेल."

मग बीजेची कोर घ्यावी असे ठरले. त्यावर कोणीतरी शंका काढली की ती थोडी जाड झाली आणि लोकांना चतुर्थीची वाटली तर? गणेश चतुर्थीचा चंद्र पाहिल्यास चोरीचा आळ येतो. सबंध गिरगाव आपल्या ध्वजाकडे पाठ करून उभे राहील. या मुद्द्यावर सुशिक्षित माणसांनी जितका वेळ घेतला, तितका सीमाप्रश्नावरही कोणी घेतला नसेल. अखेर कोर अगदी बारीक ठेवायची, फुगवटा उजवीकडे, टोके डावीकडे, म्हणजे ती शुक्लपक्षातलीच, असे कमलाकांतरावांनी खडूने काढून दाखवले.

शामराव व्यवहारी गृहस्थ. सूचना मंजूर करतानाच त्यांनी पाचर मारली. ध्वज धैर्यवान यांच्या मताप्रमाणे होईल आणि तेच तो धरतील. मात्र त्यात दोष निघाला आणि तो सभेत कोणी दाखवला, तर धैर्यवान यांनी या सभेत पुन्हा सूचना किंवा तक्रार करायची नाही. सभेने टाळ्या वाजवल्या. त्या ध्वजासाठी होत्या की अटीसाठी, हे सांगणे कठीण. कमलाकांतरावांकडून घर, पेन्शन, धोतर काहीही मागितले असते तरी त्यांनी विचार केला असता. मागितली ती नेमकी तक्रार. तरीही त्यांनी मान डोलावली. ध्वजात दोष निघणार नाही अशी त्यांची खात्री होती, कारण दोष काढणारा माणूस वाडीत एकच होता.

ध्वज लीलाबाईंनी शिवला. कमलाकांतरावांची ताकीद होती की कोर वरून चिकटवलेली नको, ती दोन्हीकडून दिसली पाहिजे. तेव्हा बाईंनी भगव्या कापडात कोरीच्या आकाराची खाच कापली आणि जुन्या उपरण्याचे पांढरे कापड तीत बसवले. शिवता शिवता त्यांनी स्वतःच्या कपाळावरच्या चंद्रकोरी कुंकवाकडे बोट करून विचारले, "अशी आडवी बसवू का? शोभेल."

"आडवा चंद्र आजारी दिसतो," कमलाकांतराव म्हणाले आणि भिंतीवरच्या नेपाळकडे त्यांनी छडी रोखली.

मोर्चाच्या दिवशी ते तुकडीच्या पुढे निघाले. ग्रँट रोड, चिंचपोकळी करीत मोर्चा लालबागला पोचेपर्यंत त्यांच्या चालीत घराण्याची गेलेली निम्मी वाडी परत आल्यासारखी दिसत होती. लालबागच्या नाक्यावर गिरण्यांची पाळी सुटली होती आणि कामगारांची दाटी झाली होती. त्यांतला दगडू नावाचा, मागावर काम करणारा एक सांचेवाला बराच वेळ ध्वज न्याहाळत होता. गिरणगावात लाल बावटा घरोघरी. पांढरी वाकडी वस्तू दिसली की ती विळाच, एवढे त्याला ठाऊक.

"काका," त्याने सहानुभूतीने विचारले, "हातोडो खंय ऱ्हवलो?"

कमलाकांतराव थांबले. अज्ञान दिसले की थांबायचे हा त्यांचा स्वभाव. ते दगडूच्या शेजारी, म्हणजे रस्त्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभे राहिले, हात लांब करून ध्वज समोर धरला आणि सांगू लागले की हा विळा नसून वाढता चंद्र आहे, ओळखण्याची खूण अशी, की फुगवटा उजवीकडे…

फुगवटा डावीकडे होता.

त्यांनी डोळे चोळले. ते ध्वजाच्या पलीकडे गेले. चंद्र वाढत होता. अलीकडे आले. चंद्र घटत होता, थेट अमावास्येकडे निघाला होता. आपल्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कोणत्याही ध्वजाची पाठ आपण कधी पाहिलेली नाही, हे त्यांना त्या नाक्यावर, हजारो लोकांच्या देखत, प्रथमच उमगले. पुन्हा खात्री करण्यासाठी त्यांनी काठी रस्त्याच्या मधोमध टेकवली आणि तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

मागच्या तुकडीला वाटले, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. तिनेही प्रदक्षिणा घातली. तिच्यामागे खेतवाडीचे लोक होते, त्यांनी घातली. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" अशी गर्जना करीत मोर्चाचा बराच भाग लालबागच्या नाक्यावर गोल फिरू लागला. दगडूही फिरला. हातोड्याचा विषय त्याने सोडून दिला होता.

तिथून दादरपर्यंत कमलाकांतराव रस्त्याच्या उजव्या कडेने, दुकानांच्या फळ्यांना अंग घासत चालले, जेणेकरून घटता चंद्र कोणाच्या दृष्टीस पडू नये. जे दुकानदार फळीवरच बसले होते त्यांची ते चालता चालता क्षमा मागत गेले. ती कशाबद्दल, हे एकालाही कळले नाही.

पुढच्या सभेत वातावरण प्रसन्न होते. शामरावांनी ध्वजाची तोंड भरून स्तुती केली. परळला तर लोकांनी विचारले म्हणे, ही खरबुजाची फोड कुठल्या वाडीची? लालबागच्या प्रदक्षिणेमुळे मोर्चाला कशी शिस्त आली यावरही ते बोलले. शेजारच्या वाडीने ती शिकवायला माणूस मागितला होता. ध्वजात कोणालाही दोष आढळला नाही, अशी नोंद करतो, असे म्हणून त्यांनी सभेवरून नजर फिरवली.

कमलाकांतराव खाली मान घालून बसले होते. गप्प बसले की झाले. जन्मभर बोलायची मोकळीक, आणि तीही मानाने. परंतु एक सदोष वस्तू सभेसमोर आली होती, सभा ती डोळे मिटून मंजूर करीत होती, आणि हे पाहूनही स्वस्थ बसणे त्यांच्या रक्तात नव्हते. ते उठले.

"माझी तक्रार आहे."

"आता कोणाविरुद्ध?" शामरावांनी विचारले.

"धैर्यवान यांच्याविरुद्ध."

शामरावांनी पुढे वाकून हलक्या आवाजात सांगितले की बसा, कोणाच्या लक्षात आलेले नाही.

"माझ्या आलं आहे," कमलाकांतराव म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडले. धैर्यवान यांचा अभ्यास एकतर्फी होता. धैर्यवान यांनी अर्ध्या मुंबईला घटता महाराष्ट्र दाखवला. धैर्यवान यांना खडूने चित्र काढू देणाऱ्या मंडळाचाही यात हलगर्जीपणा आहे. त्यांच्या सर्व भाषणांत हे सर्वोत्तम होते, असे जाणते लोक सांगतात. शेवटी सभेने त्यांची तक्रार एकमताने मान्य केली. आयुष्यात मंजूर झालेली ती त्यांची पहिली तक्रार आणि अटीप्रमाणे शेवटची.

वाडीने सुटकेचा निःश्वास टाकला. पण पाणी अडवले म्हणून आटत नाही, ते दुसरीकडून वाट काढते. जिन्यातला दिवा, नळ, मखर, शिरा, सगळे आता दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊ लागले. लीलाबाई ताटावर बसल्या की तक्रार, वाती वळायला घेतल्या की तक्रार. नवऱ्याचे तोंड बंद व्हावे म्हणून त्यांनी ध्वज काढला, काठी घालायचा नेफा उसवून खालच्या कडेला शिवला, आणि चंद्र आपसूक आडवा झाला, टोके वर करून, बाईंच्या कपाळावरच्यासारखा. कमलाकांतरावांनी तो पुढून पाहिला, मागून पाहिला. दोन्हीकडून एकच.

"आता तो वाढतोय की घटतोय हेच कळत नाही," ते म्हणाले.

"महाराष्ट्राचं तरी कुठे कळतंय अजून?" लीलाबाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात कमलाकांतराव चौपाटीवर जाऊन बीजेचा खरा चंद्र पाहून आले. तोही आडवा पडलेला होता. त्याच्या बेशिस्तीविषयी ते घरी इतके बोलले, की दुसऱ्या दिवशी सभा भरली असता लीलाबाई स्वतः तिथे येऊन उभ्या राहिल्या. बायकांनी सभेत बोलण्याची वाडीत पद्धत नव्हती, पण त्यांना अडवण्याची छाती कोणाची झाली नाही.

"शामरावभाऊ," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही सगळे मिळून ऐकत होतात. आता मी एकटी ऐकते. हा न्याय नव्हे."

शामरावांनी सभेकडे पाहिले. प्रत्येक संसारी माणसाने मान खाली घातली. बंदी उठवण्यात येत आहे, असे त्यांनी जाहीर केले आणि लीलाबाई पदर सावरीत घरी निघाल्या.

त्या दारापर्यंत पोचल्या नसतील, तोच मागे बाक करकरला. कमलाकांतराव उभे राहिले होते. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता.

"हरकत आहे," ते म्हणाले. "आधी सूचना न देता बंदी उठवण्याची ही पद्धत साफ चुकीची आहे. हा ठराव रद्द समजावा."

शामरावांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.