कच्चं आहे, चुका धरा
गरम झेरॉक्सचा वास आला की मला लातूरची क्लासेसची गल्ली आठवते. तिथल्या मुलांसाठी माझ्या एका मैत्रिणीनं आणि मी सराव परीक्षेचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं, फुकट आणि कोड सगळ्यांना खुला. परीक्षा महिन्यावर आली, तरी चुका संपल्याशिवाय ते द्यायचं नाही, म्हणून मी अडून बसले. गल्लीतले झेरॉक्सवाले चाचा वैतागले, "बाई, इथल्या लेकरायला सरांच्या उत्तरातबी चूक धरायचा लई नाद हाय. द्या की कच्चंच!" मैत्रिणीनं 'कच्चं आहे, चुका धरा' असं सीड्यांवर लिहून त्या चाचांच्या दुकानातून वाटल्या. तिसऱ्या दिवशी चाचांच्या काउंटरवर चुका सांगणाऱ्या चिठ्ठ्यांचा ढीग, आणि एका मुलीनं तर कोडच दुरुस्त करून आणलेला! चाचांनी तिथंच पेढे मागवले. आजही माझं प्रत्येक नवं काम तेच शब्द घेऊन बाहेर पडतं, आणि चूक सांगणारी चिठ्ठी आली नाही तर मला करमत नाही.