एक, दोन, तीन बंद

गाडीच्या ब्लोअरचा पंखा फक्त चार नंबरवर चालायचा. एक, दोन, तीनवर गप्प. चारवर एवढा गोंगाट, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. माझी तक्रार नव्हती. शेजारी मुलगाच बसायचा.

त्याचं एकच पालुपद, गाडी विकून टाकू. "बाबा, तुमचे गुडघे गेले, गाडीचा पंखा गेला, अजून किती ओढायचं?" जन्मभर साहेबांच्या गाड्या चालवल्या, तेव्हा फंडातून ही एक स्वतःची आली. मी सांगितलं, "पंखा नीट करून दाखवतो, मग तोंड उघड."

घाटकोपरच्या गॅरेजवाल्याने वाकूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाला, "मोटर गेली काका. नवीन टाकायला लागेल."

"मोटर गेली तर चारवर तुझा आजा फिरवतो काय रे?"

"काका, आता टेक्नॉलॉजी वेगळी आहे. तुम्ही घरी आराम करा ना."

"आराम तुझ्या बापाला सांग." चावी हिसकावली आणि निघालो.

माझी शाळा चौथीत सुटली, पण एवढं कळतं. चारवर वीज सरळ मोटरला जाते. खालच्या तीन नंबरांना ती एका छोट्या पट्टीतून जाते, तिला रेझिस्टन्स म्हणतात, म्हणून पंखा हळू फिरतो. चार चालतो म्हणजे मोटर ठणठणीत. पट्टी जळली, बस्स. कुर्ल्याला जाऊन नवीन घेऊन आलो.

रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात डॅशबोर्डचा डावीकडचा कप्पा काढला आणि पाय दाराबाहेर टाकून आत उताणा पडलो. दोन स्क्रू, पट्टी हातात. कोळसा झालेला. कशाने जळली ते बघायला पंखाही उतरवला, तर आतून मूठभर वाळक्या झेंडूच्या पाकळ्या पडल्या. दसऱ्याला हार मीच घालतो, वायपरला घट्ट बांधून, आणि दिवाळीपर्यंत कुणाला काढू देत नाही. काचेखालच्या झरोक्यातून पाकळ्या आत गेल्या, हवा कोंडली, पट्टी तापून जळली. पाकळ्या कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकल्या. मुलाला बोललो नाही. हे वाचून त्याला कळलं तर कळू दे. हार मी घालणारच.

पंखा परत चढवला, नवीन पट्टी बसवली, चावी फिरवली. एक. फिरला. दोन, तीन, सगळे चालू. मुलाला खाली बोलावलं. त्याने स्वतः बटण पुढे-मागे करून बघितलं.

"झकास, बाबा! मानलं तुम्हाला."

क्षणभर छाती फुगली. तेवढ्यात त्याने खिशातून मोबाईल काढला.

"हे काय करतोस?"

"व्हिडिओ काढतो, पंखा चालू असताना. आता गिऱ्हाईक पटकन मिळेल."

म्हणजे मी घाम गाळला तो माझीच गाडी विकायला! कप्पा अजून बाहेरच होता. चावी बंद केली, त्याच्यासमोर आत वाकलो, दोन स्क्रू काढले आणि पट्टी उपटून सदऱ्याच्या खिशात टाकली.

"बाबा, लहान मुलासारखं काय करताय?"

"गाडीच्या कागदांवर सही कुणाची लागते रे?"

"तुमची."

"मग मी मेल्यावर वीक."

तो दार आपटून वर गेला. मी कप्पा परत बसवायला घेतला.